पिंजरा कोणाच्या मापाचा?

लंडनला गेलेला आपला माणूस एक घर पाहिल्याशिवाय परत येत नाही. ते घर म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ च्या काळात बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि तिथे स्मारक उभे राहिले. काही वर्षांपूर्वी आम्हीही मुलगा, सून आणि नात यांच्यासह तिथे जाऊन अभिवादन केले. बाहेर पडलो तसा नातीने हट्ट धरला. मोठ्यांचे पाहून झाले, आता मला प्राणी दाखवा!

पोरीचा हट्ट पुरवणे अवघड नव्हते. त्या घरापासून प्रिमरोझ हिल नावाची हिरवी टेकडी ओलांडली, की पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर रीजंट्स पार्कमधले लंडनचे प्राणिसंग्रहालय लागते. तिकीट काढून आत गेलो. वाघ, सिंह, माकडे पाहून झाली आणि फिरत फिरत आम्ही एका पांढऱ्याशुभ्र, लंबगोल तलावापाशी आलो. तलावावर काँक्रीटच्या दोन नाजूक उतरत्या वाटा एकमेकींना वळसा घालून खाली आलेल्या. मध्ये खांब म्हणून नाही. एखादे शिल्प असावे असे ते बांधकाम. पण आत एकही जीव नव्हता.

“आजोबा, इथे कोण राहायचं?” नातीने विचारले.

“पेंग्विन.”

“मग ते कुठे गेले?”

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हाला त्या प्राणिसंग्रहालयाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तो इतिहास प्राण्यांचा जितका आहे, त्याहून अधिक माणसाच्या नजरेचा आहे. म्हणून तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी सभासद, मग जनता

लंडनची प्राणिशास्त्र संस्था १८२६ मध्ये स्थापन झाली. सिंगापूर वसवणारे इंग्रज अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्स आणि शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही हे तिच्या संस्थापकांपैकी होत. १८२८ मध्ये संस्थेची बाग सुरू झाली, पण ती सर्वांसाठी नव्हती. ती होती सभासदांसाठी, म्हणजे उमराव, विद्वान आणि पैसेवाले यांच्यासाठी. सामान्य जनतेला फाटक खुले झाले ते १८४७ मध्ये, आणि तेही मुख्यतः पैशांची गरज पडली म्हणून! त्यानंतरही रविवार सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असे. गिरणीत, गोदीत राबणाऱ्या माणसाला सुट्टी कोणत्या दिवशी मिळते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याला नेमका त्याच दिवशी मज्जाव! सोमवारी तिकीट निम्म्या दराने मिळू लागले, एवढाच काय तो दिलासा.

म्हणजे या बागेत कुंपणे दोन प्रकारची होती. एक प्राण्यांभोवती आणि एक माणसांभोवती. दुसरे आधी हलले. पहिले हलायला फार वेळ लागला.

त्या काळचा विचार असा होता की, प्राणी हा नमुना आहे. कपाटात जसे दगडांचे, शिंपल्यांचे नमुने ओळीने मांडतात तसे प्राणी मांडायचे. एका ओळीत पिंजरे, प्रत्येकात एक किंवा दोन जनावरे आणि समोर लोखंडी गज. बघणाऱ्याला सगळे एका फेरीत दिसले म्हणजे झाले. उष्ण देशांतले प्राणी थंडीने मरतील या भीतीने त्यांना बंद, तापवलेल्या खोल्यांत कोंडत. हवा खेळत नसे आणि थंडीपासून वाचवायला घेतलेले प्राणी त्या कोंदट हवेतच आजारी पडत.

या काळातली एक इमारत मात्र वेगळी निघाली. १८३६ मध्ये सुदानकडून चार जिराफ लंडनला आले. डेसिमस बर्टन या वास्तुशिल्पकाराने त्यांच्यासाठी घर बांधले. जिराफाची मान काही केल्या कमी करता येत नाही! त्यामुळे दरवाजे सुमारे सोळा फूट उंच ठेवावे लागले. शोभेला फारसा वाव नव्हता. साध्या भिंती, उंच दारे, वर छप्पर. दुसऱ्या महायुद्धात या घराची पडझड झाली, नंतर दुरुस्ती झाली, पण पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ते जिराफांचेच घर राहिले. बाकी इमारतींचे रहिवासी बदलले, हे बदलले नाहीत. याचे कारण वाचकांनी मनात धरून ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

गज गेले, खंदक आले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारे बदलले. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने १९०७ मध्ये नवीन तऱ्हेची बाग उघडली. तिच्यात गज नव्हते. प्राणी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये खोल खंदक होता आणि तो झाडाझुडपांआड असा लपवलेला होता की, सिंह मोकळाच उभा आहे असे वाटावे. लोक थक्क झाले.

लंडननेही हे उचलले. मॅपिन या चांदीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध व्यापारी घराण्याच्या देणगीतून १९१३-१४ मध्ये तिथे ‘मॅपिन टेरेसेस’ नावाचे कृत्रिम डोंगर बांधले गेले. लोखंडी सळ्या आणि काँक्रीट यांचे हे डोंगर. वरच्या कड्यांवर रानबोकड, खाली अस्वले आणि मध्ये खंदक. डोंगर आतून पोकळ होते. १९२४ मध्ये त्यांच्याखाली मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या पाण्याच्या टाक्या या पोकळीत बसवल्या. १९४९ च्या नोव्हेंबरात ब्रूमस नावाचे पांढऱ्या अस्वलाचे पिल्लू या बागेत जन्मले आणि त्याला पाहायला १९५० मध्ये तीस लाखांहून अधिक माणसे लोटली. गज काढून टाकल्याने माणूस प्राण्याच्या जवळ आला, यात शंका नाही.

पण इथे एक गोष्ट सांगितली नाही तर इतिहास अर्धा राहील. हागेनबेकने प्राण्यांपुढचे गज काढले खरे. पण त्याआधी, १८७४ पासून, याच माणसाने माणसांची प्रदर्शने भरवली होती. उत्तर युरोपातील सामी लोकांना त्यांच्या रेनडियरांसह, तंबू आणि मुलाबाळांसह आणून तिकीट लावून दाखवले. पुढे आफ्रिकेतील आणि सिलोनमधील माणसेही अशीच दाखवली गेली. शहरी लोक कुंपणाबाहेर उभे राहून त्यांना पाहत आणि आपण किती पुढारलेले आहोत याचे समाधान घेऊन घरी जात. गज काढल्याने नजर बदलतेच असे नाही, ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

काँक्रीटच्या डोंगरांचेही दिवस भरले. काँक्रीट खराब झाल्याने १९८५ मध्ये ते बंद करावे लागले. दुरुस्तीनंतर १९९७ मध्ये तिथे आपल्याकडच्या जातीची अस्वले आणि वानरे आली. २००८ पासून तिथे ऑस्ट्रेलियातील वॉलाबी आणि एमू आले. डोंगर तेच, रहिवासी तिसरे! खालचे मत्स्यालय २०१९ मध्ये बंद झाले.

एका बाईने विचारलेला प्रश्न

इमारतींच्या या कथेत एका स्त्रीचे नाव आदराने घ्यायला हवे. जोन प्रॉक्टर. लहानपणापासून प्रकृती नाजूक. आजारपणामुळे विद्यापीठात जाता आले नाही. पण साप-सरडे यांचा अभ्यास इतका सखोल की, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग त्यांच्या हाती दिला. त्या काळात स्त्रीला असे पद मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

नवीन सर्पालय बांधायचे ठरले, तेव्हा प्रॉक्टरबाईंनी प्रश्न उलट्या बाजूने विचारला. बघणाऱ्याला काय दिसेल हे नंतर पाहू. आधी सापाला काय लागते? त्याला ऊब लागते, पण प्रत्येक जातीला वेगळी. म्हणून सगळी इमारत एकसारखी तापवण्याऐवजी प्रत्येक कप्प्याला हवी तेवढी विजेची ऊब दिली. त्याला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात आणि साधी काच ते अडवते. म्हणून ते किरण आत सोडणारी खास काच बसवली. १९२७ मध्ये हे सर्पालय सुरू झाले. कोमोडो बेटावरून आणलेली महाकाय घोरपड प्रॉक्टरबाईंच्या इतकी ओळखीची झाली की, बाई तिला बागेत फिरवायला नेत. १९३१ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांनी बांधून घेतलेल्या सर्पालयात मात्र नव्वदहून अधिक वर्षे साप-सरडे सुखाने नांदले. २०२४ मध्ये त्यांच्यासाठी नवीन घर खुले झाले.

पेंग्विन कुठे गेले?

आता नातीच्या प्रश्नाकडे येऊ.

सर्पालयानंतर थोड्याच वर्षांत बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुशिल्पकाराला लंडनच्या बागेत काम मिळाले. १९३३ मध्ये त्यांनी गोरिलांसाठी गोल घर बांधले. त्याची भिंत सरकती. हिवाळ्यात बंद, उन्हाळ्यात उघडी. १९३४ मध्ये त्यांनी पेंग्विनचा तलाव बांधला. ओव्ह अरुप या अभियंत्याने काँक्रीटच्या त्या अधांतरी वाटांचे गणित सोडवले. जगभरच्या स्थापत्याच्या पुस्तकांत या तलावाची छायाचित्रे छापली गेली. १९७० मध्ये तो संरक्षित इमारतींच्या यादीत गेला. १९८७-८८ मध्ये त्याची मोठी दुरुस्तीही झाली.

आणि २००४ मध्ये पेंग्विन तिथून हलवावे लागले. का? तर काँक्रीटच्या खरबरीत जमिनीवर चालून त्यांच्या तळव्यांना बारीक ओरखडे पडत, त्यातून जंतू शिरून जखमा होत. शिवाय या जातीचा पेंग्विन घरटे करायला जमिनीत बीळ उकरतो. काँक्रीटमध्ये बीळ कुठून उकरणार? डौलदार वाटा कोणासाठी होत्या? डुलत डुलत उतरणारा पेंग्विन पाहून हसणाऱ्या प्रेक्षकांसाठी! पेंग्विनला हवी होती वाळू, गोटे आणि पोहायला खोल पाणी. त्यांना बागेतल्याच दुसऱ्या तळ्यावर नेले, तेव्हा ते तिथे रमले. २०११ मध्ये त्यांच्यासाठी वाळू-गोट्यांचा किनारा आणि मोठा तलाव तयार झाला.

मग जुना तलाव रिकामाच का ठेवला? कारण संरक्षित इमारत पाडता येत नाही आणि परवानगीशिवाय तिच्यात मोठा फेरफारही करता येत नाही. म्हणून माणसाच्या दृष्टीने उत्तम आणि पेंग्विनच्या दृष्टीने निरुपयोगी असे हे घर आज नुसते उभे आहे. २०१९ मध्ये खुद्द लुबेटकिन यांच्या कन्येनेच तो तलाव आता उडवून द्यावा असे उद्गार काढले आणि मोठी चर्चा झाली. बापाची सर्वांत गाजलेली कलाकृती, पण ज्याच्यासाठी बांधली तोच तिच्यात नसेल तर तिला अर्थ काय, असा त्या लेकीचा सवाल होता.

हत्तींचे घर

हीच कथा हत्तींची. १९६५ मध्ये ह्यू कॅसन आणि नेव्हिल कॉंडर यांनी हत्ती-गेंड्यांसाठी काँक्रीटची भव्य इमारत पुरी केली. पाणवठ्यावर जमलेल्या हत्तींच्या कळपासारखा तिचा आकार आणि हत्तीच्या कातडीसारख्या खरबरीत भिंती. इमारत हत्तीसारखी दिसत होती. पण हत्तीला पुरत नव्हती. हत्ती कळपाने राहणारा, मैलोन्मैल चालणारा प्राणी. लंडनची सगळी बाग मिळून जेमतेम छत्तीस एकरांची.

२००१ च्या ऑक्टोबरात एका हत्तीकडून त्याची देखभाल करणारा कर्मचारी चिरडला गेला आणि मरण पावला. आपल्या हातांनी हत्तीला न्हाऊ-माखू घालणारा, त्याची लीद काढणारा हा कष्टकरी माणूस. अपुऱ्या जागेत जनावर आणि कामगार रोज एकमेकांच्या जवळ राहतात, तेव्हा धोका दोघांच्याही वाट्याला येतो. त्याच वर्षी तिथले हत्ती लंडनबाहेर व्हिप्सनेड येथे नेण्यात आले. १९३१ मध्ये सुरू झालेली संस्थेचीच ही दुसरी बाग सुमारे सहाशे एकरांची आहे. १८३१ पासून लंडनच्या बागेत हत्ती होते. एकशे सत्तर वर्षांत प्रथमच तिथे एकही हत्ती उरला नाही. ‘जम्बो’ हा शब्द आपण मोठ्या कशालाही लावतो, तो ज्या हत्तीमुळे जगभर गेला तो जम्बोदेखील याच बागेतला!

हत्तीघरही संरक्षित. तेही उभेच आहे, पण नंतर त्यात लहान प्राणी ठेवावे लागले.

घर कोणाच्या मापाचे?

आता जिराफाकडे परत या. १८३७ चे साधे घर पावणेदोनशे वर्षे चालले आणि १९३४ चा जगप्रसिद्ध तलाव सत्तर वर्षांत सोडावा लागला. असे का? जिराफाचे घर जिराफाच्या मापाने बांधले होते. जोन प्रॉक्टर यांचे सर्पालय सापाच्या मापाने बांधले होते. पेंग्विनचा तलाव आणि हत्तीचे घर मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या मापाने बांधले. हाच काय तो फरक.

आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांनी दिवस काढले आहेत. मोरी कुठे असावी, खिडकी कुठे असावी, म्हातारीला जिना चढवेल का, हे त्या चाळीच्या बांधणाऱ्याने आमच्या आईला कधी विचारले नव्हते. आम्हाला निदान तोंड होते. अर्ज करता येत होता, मोर्चा काढता येत होता. पेंग्विनला अर्ज लिहिता येत नाही. त्याचा अर्ज त्याच्या पायाच्या तळव्यावर लिहिलेला असतो. तो वाचायला शिकलेला माणूस तिथे असावा लागतो.

लंडनवाले हळूहळू ते शिकले. १९९२ मध्ये पैशांअभावी ही बाग बंद करण्यापर्यंत वेळ आली होती. लोकांच्या आणि दात्यांच्या मदतीने ती वाचली. त्यानंतर जुन्या इमारती नव्याने वापरण्याचे प्रयत्न झाले. १८८३ च्या जुन्या सर्पालयात पुढे पक्षी आले होते. ते २००८ मध्ये उष्ण प्रदेशांतल्या पक्ष्यांचे घर म्हणून नव्याने सजले. १९६५ चा उंच, जाळीदार पक्षीगृहाचा सांगाडा फेकून न देता त्याची जाळी बदलली आणि २०२२ मध्ये तिथे आफ्रिकेतील कोलोबस माकडे आली. या माकडांना उंच उड्या मारायला उंची हवी असते, ती तिथे आयतीच होती. जुने घर टिकवायचे असेल तर त्याच्या मापाचा रहिवासी शोधा; रहिवाशाला कापून घरात बसवू नका!

आपल्या राणीच्या बागेत

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नये. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये सुरू झाली. इंग्रजी अमलाखाली वाढलेल्या त्या बागेत पुढे प्राणीही आले आणि ओळीने पिंजरे, समोर गज ही रीतही आली. लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या पिढ्यांनी याच बागेत आपल्या मुलांना प्रथम वाघ दाखवला. १९९२ मध्ये देशात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राण्यांना किती व कशी जागा द्यावी याचे नियम आले. आता भायखळ्यातही काही ठिकाणी गजांच्या जागी मोठ्या काचा आल्या आहेत. २०१६ मध्ये तिथे पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये ते लोकांना पाहता येऊ लागले. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, लंडनच्या किनाऱ्यावर आहेत त्याच जातीचे. त्यांचे मूळ घर बर्फात नाही, तर पेरू आणि चिलीच्या समुद्रकाठी आहे. तरी मुंबईच्या उकाड्यात त्यांना थंड केलेल्या हवेतच ठेवावे लागते.

म्हणून पुढच्या रविवारी मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाल, तेव्हा एक करा. प्राणी दिसला की लगेच पुढच्या पिंजऱ्याकडे धावू नका. पाच मिनिटे तिथेच थांबा. मुलांना विचारा: हा प्राणी काय करतो आहे? एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा येरझारा घालतो आहे का? लपायला त्याला जागा आहे का? उकरायला माती, चढायला झाड, बसायला सावली आहे का? त्याच्या जातीचे कोणी सोबतीला आहे का? काचेवर थापा मारणाऱ्यांना नम्रपणे थांबवा. काही खटकले तर बागेच्या कार्यालयात लेखी कळवा. मुलांच्या अक्षरात कळवलेत तर अधिकच चांगले.

परतताना आमच्या नातीने त्या रिकाम्या तलावाकडे पुन्हा एकदा पाहिले आणि विचारले, “आजोबा, हे बांधताना पेंग्विनला कोणी विचारलंच नाही का?”

आम्ही म्हणालो, “नाही गं. तेव्हा विचारायचं असतं, हेच कोणाला सुचलं नव्हतं.”

तुमच्या मुलांना ते सुचू द्या.